लस उंबरठ्यापर्यंत कशी आली

भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून काही कोसांवर, सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागडचा किल्ला उभा आहे. इ. स. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या अमदानीत राजा खान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला व त्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे सडके पाणी पाजून मारीत, अशी आख्यायिका आहे. किल्ल्याचा इतिहास लिहिणारे तट, बुरूज आणि दरवाजे मोजतात, आणि ते मोजलेच पाहिजेत. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बायाबापड्यांना ज्या शत्रूचे भय रात्रंदिवस वाटे, तो कोणत्याही दरवाजातून येत नसे. देवी, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरणारा धनुर्वात ही त्याची नावे. या शत्रूंशी आपल्या प्रदेशात लढा कसा दिला गेला आणि त्यात गरोदर माता व तान्हे मूल यांच्या वाट्याला काय आले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या इतिहासाचे जे सूत्र आम्हाला दिसते ते आरंभीच सांगून टाकतो. लस सापडणे ही अर्धी गोष्ट झाली. ती घेऊन दारात कोण येतो, कसा येतो आणि कोणाचे दार चुकवून पुढे जातो, ही उरलेली अर्धी. आपल्याकडे अपयश आले ते बहुधा या दुसऱ्या अर्ध्यातच आले, आणि यश मिळाले तेही तिथेच कोणीतरी लक्ष घातले म्हणून मिळाले.

एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली इंग्लंडात गाईच्या देवीचा द्रव टोचून मनुष्याच्या देवीपासून बचाव होतो हे दाखविले. तो द्रव हिंदुस्थानात आणणे मात्र सोपे नव्हते. समुद्राच्या लांब प्रवासात त्याची शक्ती नष्ट होई. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मार्गाने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत टोचत ही लस मुंबईस पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील पहिले यशस्वी लसीकरण ते हेच. तिच्या दंडावरील फोडातून घेतलेली लस पुढे इतर मुलांना आणि त्यांच्याकडून अन्य शहरांना गेली. म्हणजे या देशातील लसीकरणाच्या वंशावळीचे मूळ एका लहान मुलीच्या हातावर आहे.

त्या वेळी आंबागड भोसल्यांच्या मुलखात होते. लस मुंबईस आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८०३ साली, दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या सैन्याची अडगाव येथे इंग्रजांशी लढाई झाली. लस आणि तोफ एकाच राज्यकर्त्याच्या हातातून या प्रांतात आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सामान्य माणसाला त्या हातातली कोणती वस्तू तारक आणि कोणती मारक हे कसे कळावे? १८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतर सरकारी टोचणारे गावोगाव फिरू लागले.

लोकांनी या टोचणाऱ्यांचे स्वागत कसे केले, याची साक्ष आपली भाषाच देते. मराठीत रोगालाही ‘देवी’ म्हणतात आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ म्हणतात. टोचणारा तो ‘देवी डॉक्टर’. ज्या समाजाला आपण श्रद्धाळू म्हणून हिणवतो, त्याने नव्या विद्येला आपल्या देवतेच्याच नावाखाली जागा करून दिली. विरोध झाला नाही असे नव्हे. आरंभीची पद्धत हातावरून हातावर लस नेण्याची होती. टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी दुसऱ्या गावी न्यावे लागे आणि त्याच्या फोडातून द्रव काढावा लागे. हे मूल बहुधा गरिबाघरचे असे. त्याची आई त्याला परगावी धाडण्यास भिई, आणि समोरचा वरच्या जातीचा बाप कोणाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात जातो याचा विचार करी. पुढे वासरांपासून लस तयार होऊ लागली तेव्हा ही अडचण सरली. बेळगावास अशी लस तयार होत असे, आणि तेथील टिळकवाडीतील जागेला लोक अजूनही ‘व्हॅक्सिन डेपो’च म्हणतात.

दुसरी अडचण उन्हाची होती. द्रवरूप लस उष्णतेने निकामी होई, म्हणून टोचणीचा हंगाम हिवाळ्यापुरता असे. भंडाऱ्याकडचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांना याचे कारण सांगावयास नको. पण जन्माला येणारी मुले हंगाम पाहून येत नाहीत. फाल्गुनात जन्मलेल्या मुलाला पुढच्या थंडीची वाट पाहावी लागे, आणि देवी मात्र वाट पाहत नसे.

१८८० साली लसीकरणाचा कायदा झाला. सहा महिन्यांवरील मुलाला देवी काढणे त्याने सक्तीचे केले; मात्र तो होता नगरपालिका व छावण्यांपुरता. भंडारा, तुमसर, पवनी यांसारख्या नगरपालिकांच्या गावांना या वाटेने येणारे संरक्षण आंबागडसारख्या खेड्याला आपोआप मिळणारे नव्हते. कायद्याने शहर आणि खेडे यांच्यामध्ये एक रेघ ओढली. ती रेघ पुढे शंभर वर्षे निरनिराळ्या रूपांनी टिकून राहिली.

सक्तीने काय होते याचाही धडा महाराष्ट्राने याच सुमारास घेतला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन याने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात मात्र प्लेगच्या निमित्ताने सोल्जर घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, आणि त्याचे पर्यवसान २२ जूनच्या रँडवरील गोळीबारात झाले. स्वतःच्या दंडात सुई घेणारा शास्त्रज्ञ आणि लोकांच्या उंबरठ्यावर बूट घालणारा अधिकारी, असे दोन मार्ग लोकांनी एकाच वर्षी पाहिले. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनला दोष देण्यात आला आणि १९०७ साली तो दूर झाला. चूक एका बाटलीची होती, पण संशय साऱ्या लसीवर बसला. विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि तो एका दिवसात जातो, हे आरोग्यखात्याला आजही विसरून चालत नाही.

आता या इतिहासातील एका मोठ्या उणिवेकडे वळू. येथवर आपण ज्या लसी पाहिल्या त्यांत गरोदर स्त्री कोठे आहे? ती कोठेच नाही. बाळंतपण हा घरातला, सोवळ्या-ओवळ्याचा, बायकांचा विषय मानला गेला. आढ्याखालच्या काळोख्या खोलीत, जुन्या फडक्यांवर बाळंतपण होई; सुईण हाताशी असेल त्या विळ्याने नाळ कापी, आणि त्यावर राख किंवा शेणही लावले जाई. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणातच वास करतात. चार-आठ दिवसांनी मूल अंगावर पिणे सोडी, त्याचा जबडा मिटे, अंग धनुष्यासारखे ताठ होई आणि ते जाई. पाचवीला सटवाई पुजण्याची, त्या रात्री जागण्याची आणि बाळाला एकटे न सोडण्याची आपल्याकडील चाल सर्वांना ठाऊक आहे. ज्या दिवसांचे भय या चालीत साठलेले आहे, ते धनुर्वाताचेच दिवस आहेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी रोगाचा दिवस बरोबर हेरला होता; उपाय तेवढा त्यांच्या हाती नव्हता.

या खोलीचे दार प्रथम ज्यांनी उघडले त्यांत नागपूरच्या कमलाताई होस्पेट यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली नागपुरात मातृसेवासंघ स्थापन केला. त्या काळी परक्या बाळंतिणीची सेवा करणे कुलीन घरातील विधवेला शोभत नाही, असे मानणाऱ्यांची वाण नव्हती. त्या मताला न जुमानता या संस्थेने विदर्भात सुरक्षित बाळंतपणाचा पाया घातला. स्वच्छ हात, स्वच्छ कात्री आणि स्वच्छ फडके यांनी किती जीव वाचतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

परंतु ही सोय शहरात होती. जिथे प्रसूतिगृह पोहोचत नाही तिथे काय करावे, याचे उत्तर १९६० नंतरच्या दशकात न्यू गिनी आणि कोलंबिया येथील खेड्यांत झालेल्या प्रयोगांनी दिले. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस टोचली, तर तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिकारद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्याचे रक्षण करतात. लस एकीला आणि कवच दोघांना, असा हा प्रकार होता. १९७५ ते १९८५ या दशकात ही लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पक्की बसली. जेन्नरनंतर पावणेदोनशे वर्षांनी आईची आठवण झाली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

दरम्यान राज्यव्यवस्था बदलली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्याच वर्षी देवीच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आरंभी भर होता तो किती टोचले हे मोजण्यावर. कोट्यवधी लोकांना टोचूनही साथी येतच राहिल्या, कारण जे सहज सापडत त्यांनाच पुनःपुन्हा टोचले जाई. जे रानात, पालात किंवा फूटपाथवर असत ते तसेच राहत. मग पद्धत बदलली. १९७३ नंतर घरोघर जाऊन रोगी शोधणे आणि त्याच्या भोवतालच्या प्रत्येकाला टोचणे सुरू झाले. किती झाले यापेक्षा कोण राहिले हा प्रश्न विचारताच दोन वर्षांत निकाल लागला. १९७५ च्या मे महिन्यात देशातील शेवटचे रोगी आढळले, १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० साली सारे जग. शतकानुशतके जिला नवस बोलले, ती ‘कोण राहिले’ या एका प्रश्नाने गेली.

या यशातून धैर्य घेऊन १९७८ साली बालकांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, आणि १९ नोव्हेंबर १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणाचा. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर या सहा रोगांवरील लसी प्रत्येक मुलाला व धनुर्वाताची लस प्रत्येक गरोदर मातेला द्यावयाची, असा संकल्प होता. १९९० पर्यंत देशातील सारे जिल्हे त्यात आले. या संकल्पाचा भार पडला तो उपकेंद्राच्या नर्सबाईवर. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. कागदावर हे प्रमाण पुरेसे दिसते. प्रत्यक्षात नर्सबाईला चार बर्फाच्या वड्या घातलेली पेटी खांद्याला अडकवून एसटीने, सायकलीने किंवा पायी वाडीवर जावे लागे. लस २ ते ८ अंश उष्णतेत राहिली पाहिजे. पोलिओची लस तापली की वाया आणि त्रिगुणी लस गोठली की वाया. बाहेर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना ही पेटी थंड ठेवणाऱ्या बायांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत.

नर्सबाई महिन्यातून एकदा येते. गावात रोज कोण असते? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिले. १९७० साली रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर व दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. वैनगंगेच्याच खालच्या अंगाला, गडचिरोलीत, अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात गावच्या स्त्रीला शिकवून बाळंतिणीच्या खोलीत पाठविले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. हा प्रयोग लसीचा नव्हता. पण आई आणि बाळ यांच्यापर्यंत पोहोचण्याचा खरा रस्ता कोणता, हे त्याने सिद्ध केले. २००५ साली देशभर ‘आशा’ नेमण्यात आल्या, त्यांच्यामागे असे अनुभव उभे होते.

फळे आली. १९८८ साली जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके धनुर्वाताने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता, आणि त्यांत आपला वाटा मोठा होता. २०१५ साली भारतात माता व नवजात यांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरला नाही, असे जाहीर झाले. त्याच्या आदल्या वर्षी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले होते.

येथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण आकडे थांबू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी किती मुलांना सर्व मूळ लसी मिळाल्या हे मोजतात. १९९८-९९ साली महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते. २००५-०६ साली ते ५९ झाले, २०१५-१६ साली ५६. याच काळात सबंध देशाचे प्रमाण ४२ वरून ६२ वर गेले. म्हणजे देश चढत असताना आपले पुढारलेले राज्य घसरत होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते पुन्हा ७३-७४ पर्यंत आले आहे, हे समाधानाचे खरे. पण वीस वर्षांपूर्वी जिथे होतो त्याच्याही ते खालीच आहे. प्रगती हा एकदा चढला की कायमचा चढलेला जिना नव्हे. दर वर्षी नवी मुले जन्मतात आणि दर वर्षी तट नव्याने बांधावा लागतो.

जी मुले सुटतात ती कोणाची? ‘लोक अडाणी आहेत, म्हणून लस घेत नाहीत,’ असे उत्तर सभ्य बैठकीत हमखास मिळते. आम्हाला ते मान्य नाही. भंडाऱ्याकडे रोवणीचे दिवस आठवून पाहा. पऱ्हे तयार झाले, पाऊस पडला, की बांधीत उतरलेल्या बाईला तो दिवस सोडता येत नाही. सुटला तर मजुरी सुटली. लसीकरणाचा महिन्याचा ठरलेला दिवस नेमका त्यात आला, तर तिच्या अडाणीपणाला दोष द्यावा की दिवस ठरविणाऱ्याला? रोवणी-कापणी संपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. गावच्या यादीत त्यांचे नाव आहे, पण मूल गावात नाही. मूल शहराच्या कडेला आहे, पण तिथल्या यादीत त्याचे नाव नाही. दोन याद्यांच्या मध्ये ते मूल हरवते. १८८० च्या कायद्याने ओढलेली रेघ शहर आणि खेडे यांच्यामध्ये होती. आता ती शहराच्या पोटातूनच गेली आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि मुले दगावली. त्या वस्त्या कोणत्याही घाटात किंवा अरण्यात नव्हत्या. मोठमोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर होती. तरीही मुले सुटली होती. गोवर एवढा वेगाने पसरतो की शंभरांतील पंच्याण्णवांना संरक्षण असल्यावाचून त्याला अटकाव होत नाही. सुटलेले मूल परक्याचे आहे असे समजून निर्धास्त राहण्याची सोय या रोगाने कोणालाच ठेवलेली नाही.

यात संशय बाळगणाऱ्या आईबापांचाही प्रश्न आहे. टोचल्यावर मुलाला ताप येतो, बाप दोन दिवस कामाला मुकतो, आणि पुढच्या वेळी घर दार लावून घेते. अशा दाराशी पोलीस उपयोगी पडत नाही, फलकही पडत नाही. तिथे ओळखीची बाई लागते, जी ताप येणार हे आधी सांगते आणि ताप आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. हे काम करणारी आशाताई आज मानधनावर राबते. तिच्या मानधनासाठी तिला वेळोवेळी रस्त्यावर यावे लागते, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. ज्या दुसऱ्या अर्ध्यावर सारा इतिहास अडला आहे, तो अर्धा तिच्या चपलांवर चालतो आहे, एवढे तरी आपण ओळखले पाहिजे.

आणि आता थोडे आपल्याविषयी. या सभागृहात व्यापारी आहेत, राईस मिलचे चालक आहेत, बांधकामाचे कंत्राटदार आहेत, नगरपालिकेचे सभासद आहेत. आपल्या कामावर येणाऱ्या बाईच्या कडेवर मूल असेल, तर त्याचे लसीचे कार्ड आहे काय, एवढे विचारावयास फार विद्या लागत नाही. नसेल तर जवळच्या आरोग्यकेंद्राला कळवावे; असेल तर ठरल्या दिवशी तिला अर्धा दिवस मजुरी न कापता सोडावे. गरोदर असेल तर तिलाही. नगरपालिकेने आपल्या हद्दीलगतच्या भट्ट्या आणि पाले आपल्या यादीत धरावीत, मग ती माणसे मूळची कोणत्याही तालुक्यातील असोत. देवी घालविताना जो प्रश्न देशाने विचारला, तोच प्रश्न प्रत्येक गावाने दर महिन्याला स्वतःला विचारावयाचा आहे : कोण राहिले? त्याचे उत्तर नावानिशी देता येईल, तेव्हाच लस उंबरठ्यापर्यंत आली असे आम्ही म्हणू.